लिनक्सवर प्रोसेस बघताना या चुका टाळा

मशीन रेंगाळलं की 'टॉप' ही चालू प्रोसेसची (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची) यादी दाखवणारी कमांड चालवायची आणि यादीत सगळ्यात वर दिसेल ती प्रोसेस मारून टाकायची, ही सवय आधी सोडा. आकडे नीट वाचले तर निम्म्या वेळा काही मारावंच लागत नाही.

सर्वात जास्त गोंधळ मेमरीचा. ८ जीबी रॅम असताना 'फ्री' कमांडने जेमतेम ३०० एमबी मोकळी दाखवली की लोक घाबरतात. त्याच ओळीत शेवटी 'अव्हेलेबल'चा रकाना असतो, तो बघा. तिथे ४ जीबी असेल तर निश्चिंत राहा. डिस्कवरून वाचलेल्या फाइल लिनक्स रिकाम्या रॅममध्ये कॅश म्हणून ठेवतं आणि प्रोग्रामला जागा लागली की ती मोकळी करून देतं. म्हणून कॅश रिकामी करण्याच्या कमांडच्या नादी लागू नका. त्याच फाइल पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात आणि काम उलट मंदावतं. खरी टंचाई तपासायची तर 'व्हीएमस्टॅट १' चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. रॅम अपुरी पडली की लिनक्स डिस्कवरची जी जागा वापरतं ती स्वॅप. पुढच्या ओळींत 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये) सतत शून्याच्या वर राहिले, तर स्वॅपची ओढाताण चालू आहे.

टॉपमध्ये ३५०% सीपीयू दिसला तर तो बिघाड नव्हे. तिथे १००% म्हणजे सीपीयूचा एक कोअर पूर्ण व्यापलेला. 'पीएस' या प्रोसेस दाखवणाऱ्या दुसऱ्या कमांडचा टक्का मात्र प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो, त्यामुळे आत्ता कोण धुमाकूळ घालतंय ते त्यावरून ठरवू नका.

लोड ॲव्हरेज (चालू किंवा वाट बघत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) ९ आणि सीपीयू मात्र निवांत, असं दिसलं तर टॉपमधल्या प्रोसेसच्या अवस्थेच्या रकान्यात 'डी' शोधा. त्या प्रोसेस बहुधा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरची वाट बघत अडकलेल्या असतात आणि लिनक्स त्यांनाही लोडमध्ये धरतं. अशा प्रोसेसवर 'किल -९' ही जबरदस्तीने बंद करणारी कमांड सुद्धा सहसा लागू पडत नाही. डिस्कची केबल, तिची तब्येत, नेटवर्क तपासा.

एरवीही थेट -९ वर उडी मारू नका. साधा 'किल' सिग्नल १५, म्हणजे बंद होण्याची विनंती, पाठवतो, त्यामुळे प्रोग्रामला फाइल जतन करून आवराआवर करायची संधी मिळते. -९ ती देत नाही, आणि डेटाबेस चालू असेल तर हे फार महागात पडू शकतं.

अवस्थेच्या रकान्यात 'झेड' दिसली तर ती झोंबी प्रोसेस. ती आधीच संपलेली असते, मारायला काही उरलेलं नसतं. 'पीपीआयडी'वरून (पालक प्रोसेसचा क्रमांक) तिची पालक प्रोसेस, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस, शोधा आणि ती रीस्टार्ट करा.