गाडीत अँप (ॲम्प्लिफायर) बसवायला शिकताय? आधी अर्थ (अर्थिंगची वायर) पक्का करा

आयटीआय इलेक्ट्रिशियन करून मी नागपुरात सीताबर्डीकडच्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात लागलो तेव्हा मला वाटायचं की भारी वूफर आणि भारी अँप असला की झालं, वायरी काय कोणीही जोडतं.

माझं पहिलं एकट्याचं काम होतं चार चॅनलचा अँप. गाणं बंद केलं तरी स्पीकरमधून कुंईं असा आवाज, आणि रेस दिली की तो चढत जायचा. अर्धा दिवस मी आरसीए (स्टिरिओतून अँपकडे गाण्याचा सिग्नल नेणारी वायर) बदलून राहिलो, स्टिरिओ बदलून पाहिला, काही नाही. मग दुकानातले मोठे दादा आले, गाडी चालू ठेवून गाणं जोरात लावलं, मीटर डीसी व्होल्टवर घेतला, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं अँपच्या अर्थच्या स्क्रूला. ०.९ व्होल्ट! "पेंट खरवडला का बे?" नव्हता खरवडला, मी वायर सीटच्या बोल्टला कसली होती. पॉलिश पेपरनं पत्रा चकाचक केला, लग (वायरच्या टोकाची धातूची रिंग) नीट क्रिम्प म्हणजे दाबून बसवून आवळला, तर ०.१ वर आलं आणि कुंईं बंद. तेव्हापासून अर्थची वायर दीड फुटाच्या आत आणि मेन वायरच्याच (बॅटरीच्या प्लसपासून अँपपर्यंतच्या) जाडीची, यात मी कोणाचंच ऐकत नाही.

मेन वायरला हात लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आतच पाहिजे, कारण तो अँपसाठी नाही, वायरसाठी असतो. वायर इंजिनकडून आत येते तिथं पत्र्याची धार असते, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग) नसेल तर खड्ड्यांनी घासून घासून एक दिवस तांबं उघडं पडतं आणि बॉडीला लागतं, फ्यूज मागे डिकीत असेल तर ती आग कोणी थांबवत नाही. स्वस्त किटमधली वायर पण कापून पाहा, आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, ती घ्यायचीच असेल तर एक-दोन गेज जाड घ्या. आरसीए मेन वायरच्या उलट्या बाजूनं न्या.

अँपवरचा गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायचा स्क्रू) म्हणजे आवाजाचं बटण नाही भाऊ. स्पीकर काढून ठेवा, इक्वलायझर आणि बास बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण, वूफरसाठी ५० हर्ट्झचा टोन लावा आणि मीटर एसी व्होल्टवर घेऊन अँपच्या स्पीकरच्या टर्मिनलवर लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ काढा. २०० वॉट आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) आणि २ ओहम असेल तर बरोबर २० व्होल्ट, गेन वाढवत मीटर तिथं आला की थांबायचं. पोरं कानानं वाढवतात, मग आवाज फाटतो आणि कॉइल जळते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत तर बोलूच नका, म्हणून अँपवर कार्पेट अंथरू नका, गरम होऊन तो स्वतःच बंद पडतो आणि गिऱ्हाईक म्हणते माल खराब दिला.

गाडी देण्याआधी शेवटचं एक. रिमोटची वायर (स्टिरिओ चालू झाला की अँपला चालू करणारी) चुकून कायम चालू असलेल्या प्लसला गेली तर अँप रात्रभर जागा राहतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. म्हणून गाडी बंद करून मीटर बॅटरीचा मायनस आणि त्याची काढलेली वायर यांच्या मधे सिरीजमध्ये लावा, अर्धा तास थांबा, ५० मिलीअँपिअरच्या खाली आलं की ठीक. मीटर तसाच लागलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज तिथंच उडतो.