पुण्याहून दिल्लीचं विमान: कोल्हापुरातून निघण्याआधी

कोल्हापूर ते दिल्ली सरळ रेषेत साडेतेराशे किलोमीटर, रस्त्याने सोळाशेच्या पुढे. गाडीने जाणार असाल तर वाटेत दोन मुक्काम धरा. तो विषय वेगळा. पुण्याहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवतं. सगळे तोच आकडा डोक्यात धरतात आणि घोळ होतो.

तिकीट, ओळखपत्र, चार्जर हे सांगायला नको. मोठ्या बॅगेचं वजन घरीच बघा, साधारण १५ किलो चालतं. कांदा-लसूण चटणी, लोणचं त्याच बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. हातातल्या बॅगेत ठेवलंत तर तपासणीला अडवतात. पॉवर बँक मात्र हातातच.

आता वेळेचं. पुणे २३० किलोमीटर, साडेचार-पाच तास म्हणतात, ते स्वारगेटपर्यंत. विमानतळ लोहगावला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आपण पुण्यात शिरतो ते कात्रज, तिथून लोहगाव अंतर वीस-बावीस किलोमीटरच, पण त्याला दीड तास वेगळा धरायचा. वेगळा! मागच्या खेपेला नेमका हाच दीड तास हिशेबातून सुटला आणि पोचलो तेव्हा बॅगा घेणारा काउंटर बंद झाला होता. बहुतेक कंपन्या देशातल्या विमानांसाठी ६० मिनिटं आधी काउंटर बंद करतात. नंतर कितीही विनवण्या करा, बॅग घेत नाहीत.

म्हणून हिशेब उलटीकडून मांडा. विमान दुपारी २ चं, काउंटर १ ला बंद, विमानतळाच्या दारात १२ ला, कात्रजला साडेदहा. म्हणजे थोडी सवड धरून पहाटे ५ ला कोल्हापूरबाहेर हायवेवरचं तावडे हॉटेल मागे पडलं पाहिजे. हायवेवर कुठे काम चालू असेल, खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला असेल, तर आणखी तासभर आधी. नाष्टा गाडीतच उरका. कात्रजपुढचा दीड तास नाष्ट्यात घालवायचा नाही.

एसटी स्वारगेटला सोडते, तिथून रिक्षा मिळते. मुंबईला जाणाऱ्या खासगी गाड्या बायपासनेच जातात आणि नवले पुलापाशी उतरवतात. मागून ट्रक धडधडत असतात आणि कॅबवाला फोनवर विचारत राहतो, पुलाच्या वर की खाली? म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा मार्ग नकोच. आणि नवले पुलापासूनही लोहगावला तेवढाच वेळ लागतो, पुणे आलं म्हणून निवांत होऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. बेळगावहून विमान धरू म्हणाल, तर निपाणीकडचा रस्ताही तेव्हा बंद होता. पाणी चढतंय दिसलं की एक दिवस आधी निघा, पुण्यात पाहुण्यांकडे राहा. तिथूनही लोहगावला निघताना शहरातली गर्दी धराच.

दिल्लीत टर्मिनल कुठलं ते तिकिटावर बघा, टी-१ आणि टी-३ एकमेकांपासून लांब आहेत. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने उशीर होतो, पुढची गाडी लगेचची काढू नका. स्वेटर वरच ठेवा.

येताना रात्रीचं विमान असेल तर स्वारगेटहून शेवटची गाडी कितीची, ते आधीच विचारून ठेवा.