डार्करूममधला आंबूस वास टाळायचा असेल तर

फिल्म धुताना डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथमधलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि आम्लयुक्त फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), बंद खोलीतला घसा धरणारा वास या दोघांचा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मसाठी दोन्ही टाळता येतात.

१. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) ओतून दिल्यावर फिल्मच्या टाकीत स्टॉप बाथऐवजी त्याच तापमानाचं साधं पाणी भरा, हलवा, ओता. असं तीनदा.

२. फिक्सर घरीच बनवा. सुमारे ७५० मिली कोमट पाण्यात आधी १५ ग्रॅम सोडियम सल्फाइट, मग २५० ग्रॅम हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे विरघळवा आणि पाणी घालून १ लिटर करा. हायपो विरघळताना पाणी चांगलंच गार होतं, म्हणून सुरुवात कोमट पाण्याने.

३. फिल्मचा तुकडा त्यात टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते बघा. फिक्सिंगला निदान त्याच्या दुप्पट वेळ द्या. रॅपिड फिक्सरपेक्षा हा संथ आहे, पण खोलीत निवांत श्वास घेता येतो.

कागदी प्रिंटसाठी स्टॉप बाथ हवाच वाटला तर लिटरमागे १५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घ्या. तेही आम्लच, पण वास नाही.

जपायचं एवढंच: या फिक्सरमध्ये कुठलंही आम्ल जाऊ देऊ नका. गंधक साकळतं आणि सल्फर डायऑक्साइडचा उग्र वास सुटतो. म्हणून सायट्रिकमधून काढलेली प्रिंट आधी पाण्यात खळबळून घ्या.