ट्रेलरवर स्नोमोबाइल कशी बांधावी

टोरंटो परिसरातून उत्तरेला मस्कोका किंवा हॅलिबर्टनकडे स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालवायचे वाहन, न्यायची म्हटले की सल्ला ठरलेला असतो: जाड पट्टे घ्या आणि करकचून आवळा. इतक्या हिवाळ्यांत माझा एकही पट्टा तुटलेला नाही. सैल मात्र कित्येक झाले. म्हणून पट्ट्याची जाडी हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे.

ऑन्टारियोच्या हायवे ट्रॅफिक ॲक्टचे कलम 111 सांगते की, गाडीवरील मालाचा कोणताही भाग सुटणार नाही, पडणार नाही किंवा वाऱ्याने उडणार नाही, अशा रीतीने तो बांधलेला असावा. सरकणे मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. यंत्र ट्रेलरवरच राहिले, पण वीतभर बाजूला गेले, तरी बांधणी फसलीच. कॅनडातील मालबांधणीचे राष्ट्रीय मानक मुळात व्यापारी गाड्यांसाठी असले, तरी त्यातला हिशेब आपल्यालाही उपयोगी आहे. सर्व पट्ट्यांची मिळून भार पेलण्याची सुरक्षित क्षमता मालाच्या निम्म्या वजनाइतकी तरी हवी, आणि जो पट्टा ट्रेलरच्या कडीपासून थेट यंत्राला अडकवला जातो, त्याची क्षमता निम्मीच धरायची. ही क्षमता पट्ट्यावरच्या चिठ्ठीवर छापलेली असते. चिठ्ठी गळून पडलेला पट्टा मी वापरत नाही.

हिच (ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा), साखळ्या आणि दिवे तपासलेले आहेत, असे गृहीत धरतो. मालासह ट्रेलरचे वजन 1,360 किलोंच्या वर जात असेल, तर त्याला ब्रेक असणे बंधनकारक आहे. यंत्र रॅम्पवरून सावकाश चढवावे, भार आसाच्या किंचित पुढे येईल असे उभे करावे आणि दोन्ही स्कींवर (यंत्राच्या पुढच्या घसरपट्ट्यांवर) आडवा दांडा ठेवून तो फिरकीने घट्ट करावा.

खरी गोम मागच्या बांधणीत आहे. बहुतेक जण मागच्या बंपरवरून पट्टा सरळ खाली ओढतात. त्याने यंत्र उसळत नाही, एवढेच साधते. अचानक ब्रेक लागला की यंत्र पुढे झेपावते आणि तो सगळा ताण एकट्या दांड्यावर येतो. वर सांगितलेल्या मानकात पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि मागे व बाजूंना 0.5 पट जोर सोसण्याची अट आहे, ती काही उगाच नाही. बंपरच्या दोन टोकांपासून दोन स्वतंत्र पट्टे घ्यावेत आणि ते मागे, खाली व बाहेरच्या बाजूला असे तिरके नेऊन कड्यांना अडकवावेत.

मग रॅचेट, म्हणजे पट्टा ताणायची दातेरी कळ, किती आवळावे? सस्पेन्शन निम्मे दबेपर्यंत. ते मोकळे ठेवले तर प्रत्येक खड्ड्यात यंत्र क्षणभर खाली बसते, पट्टा तेवढ्यापुरता ढिला पडतो आणि पट्ट्याचा हूक कडीतून निसटतो. याउलट ते पार तळाला टेकवले तर धक्का शोषायला काहीच उरत नाही आणि सगळा मार कड्यांच्या बोल्टांवर बसतो.

एवढे करूनही मी एकदा फसलो. दिवसभर फिरून झाल्यावर अंधारात, बोटे बधिर झालेली असताना, यंत्राच्या फिरत्या रबरी ट्रॅकखाली आणि स्कींमध्ये घट्ट बसलेला बर्फ न काढताच यंत्र बांधले. हायवे 400 वर बॅरीजवळ थांबून पाहिले, तर हादऱ्यांनी तो बर्फ झडून गेला होता, यंत्र तेवढे खाली बसले होते आणि पट्ट्याखालून माझा हातमोज्यातला पंजा आरपार जात होता. तेव्हापासून काठीने आणि ब्रशने बर्फ काढल्याशिवाय मी रॅचेटला हात लावत नाही. पहिल्या 15-20 किलोमीटरनंतर एकदा गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळावेत; परतीच्या प्रवासात तर हे टाळूच नये.

बंद ट्रेलरमध्येही बांधणी हीच आणि एवढीच लागते. भिंती म्हणजे बांधणी नव्हे. घरी झाकायचे आच्छादन उघड्या ट्रेलरवर घालू नये, ते वाऱ्याने फाटून मागच्या गाडीच्या काचेवर जाते. पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून बांधावीत. पोहोचल्यावर रॅचेट सोडताना चेहरा आणि दुसरा हात दूर ठेवावा, कारण दबलेले सस्पेन्शन त्या क्षणी यंत्राला उसळी देते.