बुडापेस्टच्या साहित्य संग्रहालयात नावे वाचताना

कारोयी राजवाड्यातील पेटोफी साहित्य संग्रहालयात हंगेरियन पाट्यांवरील नावे आणि तारखा उलट्या क्रमाने असल्यामुळे हमखास घोटाळा होतो.

१. आपल्या शाळेतील हजेरीपटाप्रमाणे तेथे आडनाव आधी येते. ‘पेटोफी शांदोर’ यातील शांदोर हे, ज्याच्या नावाने हे संग्रहालय आहे त्या हंगेरियन कवीचे, पाळण्यातले नाव असल्याने, सूचीत शोधताना पहिला शब्द धरावा.

२. तारीख वर्ष, महिना, दिवस अशी वाचावी; कवीचा जन्मदिनांक ‘१८२३. यानुआर १.’ असा असतो आणि वर्षापुढील टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे.

मात्र नावाअखेरीस ‘ने’ दिसल्यास थांबावे, कारण जुन्या कागदपत्रांत विवाहितेचा उल्लेख पतीच्या पूर्ण नावाला हा प्रत्यय जोडून करण्याची रीत होती. ‘पेटोफी शांदोर्ने’ म्हणजे कवी नव्हे, तर त्याची पत्नी सेन्द्रेइ यूलिया, जी स्वतःही लिहीत असे.