कॅराव्हॅनची सहल परवडते का? कोकणच्या प्रवासाचा हिशेब

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी तसाच उपक्रम हाती घेतला, आणि तेव्हापासून झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन कोकणात जावे का, असा प्रश्न अनेक घरांत सुट्टीच्या तोंडावर निघू लागला आहे. ‘हॉटेलचे पैसे वाचतील’ हे त्यामागचे नेहमीचे गणित असते. ते सरसकट चूक नाही, परंतु बहुतेक वेळा अर्धेच मांडलेले असते.

पूर्ण हिशेब मांडण्यासाठी एक नमुना घेऊ. त्यातील दर मी केवळ सोयीसाठी धरले आहेत. आपल्याला प्रत्यक्षात सांगितलेले दर त्या जागी घालावेत. चौघांचे कुटुंब मुंबईहून तारकर्लीला पाच दिवस व चार रात्रींसाठी जाणार आहे आणि जाऊन-येऊन, आसपासच्या भटकंतीसह, सुमारे १,२०० किलोमीटर प्रवास होणार आहे. कॅराव्हॅनचे भाडे चालक, डिझेल आणि रोजचे २५० किलोमीटर धरून दिवसाला १५,००० रुपये असेल, तर पाच दिवसांचे ७५,००० होतात. रात्री वीज व पाण्याच्या जोडणीसह गाडी उभी करण्याचे १,५०० रुपयांप्रमाणे ६,००० धरले, तर एकूण ८१,००० रुपये. याउलट स्वतःची मोटार लिटरला १५ किलोमीटर चालत असेल, तर ८० लिटर पेट्रोल लागते. १०५ रुपये दराने त्याचे ८,४०० रुपये झाले. घरगुती निवासात अडीच हजारांच्या दोन खोल्या चार रात्री घेतल्या, तर २०,००० रुपये. म्हणजे एकूण २८,४००. जेवण आणि टोल दोन्हीकडे लागणारच, म्हणून ते धरलेले नाहीत. या नमुन्यात कॅराव्हॅनचे दिवसाचे भाडे साधारण साडेचार हजारांवर आले, तरच दोन्ही पारडी समान होतात.

आता हाच हिशेब नाताळच्या आठवड्यात करून पाहावा. खोलीचा दर दुप्पट झाला, माणसे सहा असल्यामुळे तीन खोल्या आणि दोन मोटारी लागल्या, तर खोल्यांचे ६०,००० आणि पेट्रोलचे १६,८०० मिळून ७६,८०० रुपये होतात. येथे मात्र कॅराव्हॅन जवळजवळ बरोबरीला येते. अर्थात, ‘सहा जणांची सोय’ याचा अर्थ सहा जणांना पाय लांब करून झोपता येते असा नव्हे. बिछाने उघडलेल्या स्थितीतील छायाचित्र मागवावे आणि प्रत्येक बिछान्याची लांबी फुटांत विचारावी.

हिशेबात सर्वांत महत्त्वाची बाब ही की भाडे गाडी धावली तरी लागते आणि माडाखाली उभी राहिली तरी लागते. मालवण-तारकर्लीला जाणारे कुटुंब तिसऱ्या दिवसापर्यंत बहुधा एकाच गावात रमते: सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी माशांचे जेवण, संध्याकाळी वाळूवर फेरी. अशा सहलीत चाकांचा उपयोग पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच होतो. ज्यांना एकाच गावात राहायचे आहे त्यांच्यासाठी कोकण रेल्वेने कुडाळला उतरून पुढे रिक्षा करणे हा स्वस्त मार्ग आहे. रोज मुक्काम हलवणाऱ्यांसाठी, किंवा दर दोन तासांनी शौचालय लागणारे वृद्ध आई-वडील ज्यांच्यासोबत आहेत त्यांच्यासाठी, कॅराव्हॅनचे जादा पैसे मोजणे मला समर्थनीय वाटते. त्या सोयीची किंमत हॉटेलच्या दराशी ताडून पाहताच येत नाही.

मार्ग ठरवताना गाडीची उंची आणि लांबी लिहून घ्यावी. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अडचण येत नाही. अडचण येते ती गावात शिरणाऱ्या रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असतात, वर फणसाची फांदी असते आणि तिच्याही खाली विजेची तार लोंबत असते. सागरी मार्गाने जायचे असल्यास दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी येथील फेरीबोटींचा विचार होतोच. आम्ही एकदा अशाच एका धक्क्यावर ओहोटीच्या वेळी पोहोचलो. उतार इतका तीव्र झाला होता की गाडीचा चाकांमागे लांब निघालेला भाग सिमेंटवर घासला आणि मागे बांधलेला पाण्याचा नळ वाकला. दुरुस्तीचे पैसे अनामत रकमेतून गेले. भरतीची वेळ आधी पाहिली असती, तर ते टळले असते.

पाण्याचे गणितही निघण्यापूर्वी करावे. टाकी १०० लिटरची असेल आणि चौघांनी पंधरा-पंधरा लिटरांत आंघोळ उरकली, तर उरलेल्या ४० लिटरांत भांडी, हात-पाय आणि शौचालय भागवावे लागते. मैल्याची टाकी कोठे व कोण रिकामी करणार, हे भाड्याच्या करारात स्पष्ट नसेल, तर ते काम शेवटी आपल्याच गळ्यात पडते. गाडी उभी असताना वातानुकूलन यंत्र बॅटरीवर किती तास चालते, हेही नेमके विचारावे. एप्रिलच्या दमट रात्री बंद पत्र्याच्या डब्यात झोप लागत नाही, आणि जनित्र लावले तर शेजारच्यांना लागत नाही.

स्वयंपाकघर हे कॅराव्हॅनचे मोठे आकर्षण म्हणून दाखवले जाते. मला त्याबद्दल शंका आहे, कारण घरी रोज जी व्यक्ती ओट्यापाशी उभी असते तीच बहुधा येथेही उभी राहते, तेही हातभर जागेत. चहा, लहान मुलाचे दूध आणि सकाळचे पोहे एवढ्यापुरताच त्याचा उपयोग धरावा. पुढे गोव्यात उतरणार असल्यास, तेथील पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे कायद्याने दंडनीय आहे हे लक्षात ठेवून शेगडी गाडीबाहेर काढू नये. राज्याची सीमा ओलांडताना लागणारा परवाना आणि कर भाड्यात धरला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

चालकाच्या झोपेचा प्रश्न फार जण विसरतात. तो गाडीतच झोपणार असेल, तर कुटुंबाचा खासगीपणा जातो. बाहेर झोपणार असेल, तर त्याच्या खोलीचे पैसे कोणी द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. त्याला रात्रभर गाडी हाकायला लावून आपण मागे आडवे होऊ, हा बेत तर करूच नये, कारण चालत्या गाडीत प्रत्येकाने आसनावर पट्टा लावून बसणेच सुरक्षित असते. गाडी ताब्यात घेताना आत-बाहेर चित्रफीत काढावी, नळ, दिवे आणि शौचालय चालू करून पाहावे, आणि आधीचे ओरखडे चालकासमोर कागदावर लिहून त्याची सही घ्यावी.