जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा का? माझा अनुभव

आमच्या दादरच्या घरातील डेस्कटॉपमध्ये इंटेलचा २०११ सालचा आय३-२१०० प्रोसेसर आणि एच६१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड होता. तो संथ झाल्यावर प्रोसेसर बदलण्याचा विचार आला; परंतु टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती भार आहे हे दाखवणारे विंडोजमधील साधन) उघडून पाहिले असता, संगणक अडखळत असताना प्रोसेसरवर फारसा भार नव्हता, हार्ड डिस्कचा वापर मात्र १०० टक्क्यांवर गेलेला होता. म्हणून प्रथम लॅमिंग्टन रोडवरून साटा जोडणीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरायचे वेगवान साठवण-साधन) आणून बसवली. या बोर्डाचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटपर्यंतच चालतात, म्हणजे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही फरक विलक्षण पडला.

पुढे व्हिडिओ संपादनात जुन्या प्रोसेसरचे दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) खरोखरच अपुरे पडू लागले, तेव्हा त्याच एलजीए ११५५ सॉकेटचा (म्हणजे बोर्डावरील त्याच खाचेत बसणारा), चार कोअरचा वापरलेला आय५-३४७० घेतला. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: हा प्रोसेसर पुढच्या पिढीचा असल्यामुळे, आपला बोर्ड त्याला चालवतो का हे निर्मात्याच्या यादीत तपासावे आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरील मूलभूत प्रणाली) अद्ययावत करावा, अन्यथा संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत हा प्रोसेसरही नाही, त्यामुळे या यंत्रावर याहून अधिक खर्च करणे मला योग्य वाटत नाही.